समुद्रातल्या उद्यानाचा राखणदार कोण?

13 एप्रिल 1987 रोजी मालवणचा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला. एकूण क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा 3.18 चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि त्यांच्या भोवतीचे खडक, प्रवाळ व सागरी शेवाळाची वने यांसाठी राज्याने उचललेले हे पहिले पाऊल होते. त्या घोषणेपासून स्थानिक मच्छीमारांचा तिला विरोध आहे आणि तो आजही मावळलेला नाही. दरम्यान 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला, किल्ल्याच्या पायथ्याशी स्नॉर्केलिंग आणि स्कूबा डायव्हिंगचा मोठा व्यवसाय उभा राहिला, आणि ज्या पाण्यात काही करायचे नाही असे कागद सांगतो त्याच पाण्यात नांगर पडू लागले. संरक्षण वन विभागाकडे, मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाकडे, प्रवासी नौकांचे परवाने मेरीटाइम बोर्डाकडे, पर्यटनाची जाहिरात पर्यटन महामंडळाकडे, आणि लोकांशी बोलण्याचे काम ज्याला त्या वर्षी निधी मिळेल त्याच्याकडे, अशी ही विभागणी आहे. भारतातल्या बहुतेक सागरी उद्यानांची कहाणी थोड्याफार फरकाने हीच आहे. संरक्षण, पर्यटन आणि लोकसंपर्क ही तीन कामे आपण वेगळी धरतो आणि त्यांचा क्रमही चुकवतो. आधी अधिसूचना, मग पर्यटक, आणि विरोध चिघळला की जनजागृती. समुद्रात हा क्रम चालत नाही. तिथे किनाऱ्यावरच्या माणसाशी करार आधी व्हावा लागतो, संरक्षण त्यातून उभे राहते, आणि पर्यटनाला शेवटची जागा मिळते. पर्यटन कमी महत्त्वाचे म्हणून नव्हे, तर आधीच्या दोन्हींनी आखून दिलेल्या मर्यादेतच ते तगते म्हणून.

हे समुद्राच्या स्वभावातून येते. जंगलाच्या उद्यानाला वेस असते, नाका असतो, आत जाणाऱ्या जीपची नोंद होते. कच्छच्या आखातातले सागरी राष्ट्रीय उद्यान 1982 मध्ये झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 163 चौरस किलोमीटर, भोवतालचे अभयारण्य सुमारे 458 चौरस किलोमीटर, आणि त्यातला मोठा भाग भरतीला पाण्याखाली तर ओहोटीला उघडा. मन्नारच्या आखातातले 1986 चे उद्यान 560 चौरस किलोमीटरचे, त्यात 21 बेटांची माळ. अशा हद्दी जीपीएसच्या पडद्यावर दिसतात, लाटेवर दिसत नाहीत. मासा एका ठिकाणी अंडी घालतो, त्याची पिल्ले प्रवाहाबरोबर दुसरीकडे जातात, आणि पकडला जातो तिसऱ्याच बंदराच्या जाळ्यात. गस्तीसाठी नौका हवी, डिझेल हवे, खलाशी हवेत आणि पावसाळ्याचे महिने सोडून द्यावे लागतात. या सगळ्यात एकच माणूस रोज पहाटे त्या पाण्यात असतो, तो म्हणजे मच्छीमार. कोणता ट्रॉलर रात्री आत आला, कुठे एलईडी दिवे लावून मासे गोळा केले गेले, कोणत्या खडकावर या वर्षी मासळी नाही, हे त्याला वन कर्मचाऱ्याच्या कितीतरी आधी कळते. तो आपल्या बाजूला नसेल, तर उरतो तो नकाशावरचा रंगीत तुकडा.

संशोधनही याच दिशेने बोट दाखवते, जरी ते पहिल्या नजरेला उलटे भासते. 2014 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात जगातल्या 87 सागरी संरक्षित क्षेत्रांची तपासणी झाली. मासेमारीला पूर्ण मज्जाव, कडक अंमलबजावणी, दहा वर्षांहून जास्त वय, शंभर चौरस किलोमीटरहून मोठा विस्तार आणि खोल पाण्याने वा वाळूने मिळालेले वेगळेपण, असे पाच गुण त्यात पाहिले गेले. ज्या क्षेत्रांत यांपैकी एक-दोनच गुण होते, आणि निम्म्याहून अधिक क्षेत्रे तशीच होती, तिथली मत्स्यसंपदा खुल्या समुद्रापेक्षा वेगळी ओळखू येत नव्हती. यावरून काही जण निष्कर्ष काढतात की लोकसहभाग वगैरे सोडा, कडक बंदी आणा. पण तीन वर्षांनी त्याच नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासाने विचारले की यश कशाने ठरते. उत्तर मिळाले की पुरेसे मनुष्यबळ असलेल्या क्षेत्रांत माशांवरचा परिणाम इतरांच्या जवळजवळ तिप्पट होता, आणि बहुतांश क्षेत्रांकडे पुरेसा पैसा व माणसेच नव्हती. म्हणजे बंदी आवश्यक आहे, यात वाद नाही. वाद आहे तो ती पाळली कशी जाते, याचा. विस्तीर्ण किनाऱ्यावर पगारी गस्तीने ती पाळून घेण्याइतकी यंत्रणा आपल्याकडे नाही आणि नजीकच्या काळात येण्याची लक्षणे नाहीत. उरतो तो मार्ग गावाच्या संमतीचा.

कायद्याला हे काही अंशी ठाऊक आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील कलम 26अ सांगते की सागरी हद्दीत अभयारण्य जाहीर करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्यासाठी पुरेशी पावले आधी उचलली पाहिजेत. ‘आधी’ हे महत्त्वाचे. राष्ट्रीय उद्यानाच्या बाबतीत मात्र त्याच कायद्याचा कल उलटा आहे. हद्दीतले हक्क सरकारकडे आल्याशिवाय उद्यान अंतिम होत नाही. जमिनीवर हक्काचे कागद तरी असतात, पुनर्वसनाला पर्यायी जमीन तरी दाखवता येते. समुद्रातला हक्क वहिवाटीचा असतो. कोणत्या खडकाजवळ कुणी जाळे टाकायचे, रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) कुठे कुणी ओढायची, हे गावागावांत पिढ्यांपासून ठरलेले असते आणि त्यातले फारसे सातबाऱ्यावर नसते. म्हणून समुद्रात ‘हक्क नाहीत’ असे लिहून टाकणे सोपे जाते, आणि तिथेच पहिला संघर्ष पेरला जातो. तमिळनाडूने सप्टेंबर 2022 मध्ये पाल्कच्या उपसागरात 448 चौरस किलोमीटरचे डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले. संवर्धन राखीव हा प्रकार निवडल्याने मासेमारी सरसकट बंद करावी लागली नाही आणि समुद्री गवतावर जगणाऱ्या त्या सस्तन प्राण्याला कायदेशीर घर मिळाले. कोणता कायदेशीर साचा निवडतो यावर पुढची वीस वर्षे ठरतात, आणि मालवणमध्ये तो निवडताना गावाला विचारले गेले नाही, ही तिथल्या मच्छीमारांची तक्रार मला रास्त वाटते.

मग करार म्हणजे नेमके काय? भित्तिपत्रके, शाळेतली चित्रकला स्पर्धा, किनारा स्वच्छतेचा एक रविवार, याला आपल्याकडे जनजागृती म्हणतात. त्याने नुकसान काही होत नाही, पण जाळेही बदलत नाही. गुजरातच्या सौराष्ट्र किनाऱ्यावरचे देवमुशीचे, म्हणजे व्हेल शार्कचे, उदाहरण म्हणूनच मोलाचे आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीला वेरावळ, द्वारका या पट्ट्यात या जगातल्या सर्वांत मोठ्या माशाची यकृततेलासाठी आणि मांसासाठी शिकार होत होती. 2001 मध्ये तो कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला. नुसत्या बंदीने शिकार चोरून होत राहिली असती. 2004 पासून वन्यजीव संस्था, वन विभाग आणि उद्योग यांनी मोहीम उभारली, कथाकार मोरारी बापूंनी किनाऱ्यावर येणाऱ्या देवमुशीला बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली, आणि किनाऱ्यावरच्या गावांनी तिला आपला मानबिंदू म्हणून स्वीकारले. भावनेचे हे काम खरेच मोठे होते. पण ते टिकले आणखी एका व्यवस्थेमुळे. जाळ्यात अडकलेली देवमुशी सोडायची तर जाळे कापावे लागते, आणि त्या जाळ्याची भरपाई मच्छीमाराला मिळू लागली. पुढे तर सुटकेचा पुरावा टिपण्यासाठी मच्छीमारांच्याच हातात कॅमेरे दिले गेले, म्हणजे वन अधिकारी बोटीने येईपर्यंत मासा अडकून राहायला नको. सरकारने कोळ्याच्या साक्षीवर विश्वास ठेवला, हे या योजनेचे खरे बळ. त्यातून शेकडो देवमुशी जिवंत सुटल्या. महाराष्ट्रातही कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी 2018 च्या अखेरीस अशीच योजना सुरू केली. संरक्षित कासव, डॉल्फिन वा देवमुशी जाळे कापून सोडल्यास 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. या योजनेला माझ्या लेखी शंभर फलकांपेक्षा जास्त किंमत आहे, कारण संरक्षणाचा खर्च ज्याच्या खिशातून जातो त्याला ती तो परत करते.

कोकणात याच धर्तीचे आणखी एक काम झाले आहे आणि त्यात पर्यटनही आले. मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी खोदून नेली जात. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. आधी राखण झाली, अंडी सुरक्षित झाली, पिल्ले नियमाने समुद्रात जाऊ लागली, आणि काही वर्षांनी कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांतच उतरले, जेवणाचे पैसे त्याच घरातल्या बाईच्या हाती आले. पाहण्याची वेळ ठरलेली, दोरीच्या अलीकडे थांबायचे, पिल्लाला हात लावायचा नाही, हे नियम गावानेच सांगितले. इथे पर्यटन शेवटी आले म्हणून ते संरक्षणाच्या अंगाने वाढले. वेंगुर्ल्याजवळच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. तेही याच जातीचे काम, आकाराने लहान पण मालकी स्पष्ट असलेले. याउलट तारकर्ली-मालवणच्या पट्ट्यात पर्यटन आधी आले. किती बोटी, एका खडकावर एका वेळी किती पाणबुडे, नांगर कुठे टाकायचा, माशांना पाव-बिस्किटे चारायची की नाही, हे ठरण्याआधी व्यवसाय उभा राहिला. आता तो हजारो घरांची चूल चालवतो, त्यामुळे मर्यादेचा प्रत्येक प्रस्ताव पोटावर पाय वाटतो. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, तेव्हा सुरक्षेची चर्चा काही दिवस झाली. संख्येचा प्रश्न मात्र प्रवाळासाठीही तोच आहे आणि माणसासाठीही तोच.

या मांडणीवर पहिला आक्षेप येतो तो असा की मच्छीमार हाच तर समुद्र रिकामा करतो आहे, त्याच्या हाती किल्ली कशी द्यायची? आक्षेप हलका नाही. लहान आसाची जाळी, कोवळ्या मासळीची पकड, प्रजननकाळातली मासेमारी यांत किनाऱ्यावरचे लोकही सामील असतात. पण मच्छीमार ही एकजिनसी जमात नाही. एकीकडे रापणकर आणि गिलनेटवाला, दुसरीकडे यांत्रिक ट्रॉलर आणि माशांचा थवा घेरून पकडणारे पर्ससीन यांच्यात सिंधुदुर्गात अनेक वर्षे उघड संघर्ष चालू आहे. राज्याने फेब्रुवारी 2016 मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले, त्यामागे पारंपरिक मच्छीमारांच्या आंदोलनांचा रेटा होता. संरक्षणाच्या बाजूने रस्त्यावर उतरलेला हा वर्ग अभयारण्याला मात्र विरोध करतो. या विसंगतीचा अर्थ नीट लावला पाहिजे. त्याला समुद्र राखायचा आहे, पण राखण्याच्या नावाखाली आपल्यालाच बाहेर काढले जाईल अशी त्याला भीती आहे. ती भीती दूर झाली तर काय घडते, हे मेक्सिकोच्या काबो पुल्मोत दिसले. तिथल्या मच्छीमार कुटुंबांनी स्वतः मागणी केली आणि 1995 मध्ये 71 चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय सागरी उद्यान झाले. कायद्याने त्यातला साधारण तिसरा हिस्साच मासेमारीला बंद होता, लोकांनी त्याहून मोठ्या भागात जाळी थांबवली. 1999 ते 2009 या दशकात तिथले माशांचे एकूण जैववस्तुमान 463 टक्क्यांनी वाढले. आणि जवळच प्रचंड मोठ्या रिसॉर्टचा प्रकल्प आला, तेव्हा गावाच्या व पर्यावरणवाद्यांच्या विरोधाने 2012 मध्ये तो राष्ट्राध्यक्षांना रद्द करावा लागला. पगारी पहारेकऱ्याने हे केले नसते.

गावाची मालकी काढून घेतली की काय होते, याचाही धडा आहे. फिलिपिन्समधल्या अपो बेटावर सिलिमन विद्यापीठाच्या साह्याने गावाने 1980 च्या दशकात स्वतःचे राखीव क्षेत्र चालवले आणि ते जगभर नावाजले गेले. 1994 मध्ये ते राष्ट्रीय कायद्याखाली आले, निर्णय मंडळाकडे गेले, पर्यटकांचे शुल्क सरकारी तिजोरीतून फिरून गावाकडे उशिरा येऊ लागले, आणि गावकऱ्यांचा उत्साह ओसरला. आपल्या उद्यानांत प्रवेशशुल्क कुठे जाते, कुणाच्या सहीने परत येते, हा प्रश्न हिशेबनीसाचा वाटतो. प्रत्यक्षात संरक्षणाचे भवितव्य त्यावर ठरते.

मात्र लोकसहभागाचे नाव घेतले की सगळे आपोआप बरोबर होते, असेही नाही. मन्नारच्या आखातात पर्यायी रोजगार म्हणून काप्पाफायकस या परदेशी शेवाळाची शेती महिला बचत गटांमार्फत पसरवली गेली. ते शेवाळ कुरुसडै बेटाच्या जिवंत प्रवाळावर पसरले आणि त्याचा श्वास कोंडू लागले. हेतू चांगला होता, शास्त्र विचारले गेले नाही. त्याच आखातात उलट बाजूही आहे. रानटी शेवाळ गोळा करून जगणाऱ्या किनाऱ्यावरच्या बायकांनी स्वतःहून महिन्यातले गोळा करण्याचे दिवस बारावर आणले. चुन्यासाठी आणि बांधकामासाठी प्रवाळ खणून नेण्याने त्या आखातातली दोन बेटे पाण्याखाली गेली होती. 2001 मध्ये प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आले आणि पुढच्या काही वर्षांत खाणकाम थांबले, त्यात कायद्याची जरब आणि गावांना मिळालेला पर्यायी आधार, दोन्हींचा वाटा होता. म्हणून गावाचा निर्णय, शास्त्रज्ञाची मोजणी आणि कायद्याचा दंडुका, तिन्ही लागतात. मुद्दा एवढाच की पहिल्याशिवाय उरलेले दोन समुद्रात फार काळ चालत नाहीत.

दुसरा आक्षेप पर्यटनवाल्यांचा. पर्यटकाचा पैसा आला की लोक मासेमारी सोडतात, मग पर्यटनच पहिले का नको? थायलंडच्या माया बेने याचे उत्तर दिले आहे. 2000 साली आलेल्या एका हॉलिवुडपटानंतर तिथली गर्दी वाढत जाऊन दिवसाला पाच हजारांच्या घरात गेली, नांगरांनी आणि पावलांनी प्रवाळ मोडले, आणि जून 2018 मध्ये उपसागर बंद करावा लागला. साडेतीन वर्षांनी तो उघडला तो बोटींना समोरून मज्जाव करून, एका वेळच्या माणसांची संख्या बांधून आणि दरवर्षी काही काळ बंद ठेवण्याच्या अटीवर. बंदीच्या काळात उथळ पाण्यात काळ्या टोकांचे शार्क परतले. थोडक्यात, जे आधी ठरवायचे होते ते सगळे मोडल्यावर ठरवावे लागले. भारतात अंदमानच्या वंडूर उद्यानात (1983) याहून शहाणी पद्धत बरीच वर्षे आहे. जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटे वर्षातले काही महिने आलटून-पालटून उघडतात, एकाला विसावा मिळतो, आणि एकदाच वापरायचे प्लास्टिक बोटीवर चढू दिले जात नाही. कॅरिबियनमधल्या बोनेअरने नांगर टाकायलाच बंदी करून बोटींसाठी कायमचे बांधीव तरंगते गोळे बसवले आणि 1992 पासून पाणबुड्यांकडून शुल्क घेऊन उद्यानाचा खर्च त्यातून चालवला. यातले काहीही महागडे विज्ञान नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. समुद्र तापतो आहे. ऑस्ट्रेलियाचा ग्रेट बॅरियर रीफ जगातल्या उत्तम व्यवस्थापित उद्यानांपैकी एक, तिथे 2004 मध्ये मासेमारीला पूर्ण बंद असलेला भाग पाच टक्क्यांहून कमी होता तो तेहतीस टक्क्यांवर नेला, तरी 2016 पासून तिथले प्रवाळ वारंवार पांढरे पडत आहेत. मग गावसभा आणि शुल्क यांनी काय साधणार? तापमान त्यांनी कमी होणार नाही, हे मान्यच आहे. पण तापलेल्या वर्षात मरगळलेल्या प्रवाळावर गाळ, सांडपाणी आणि नांगर यांचा मारा होतो की नाही, हे आपल्या हातात आहे, आणि सावरण्याची शक्यता त्यावर अवलंबून असते. याच आक्षेपातून एक कटू बाब पुढे येते. आपला लोकसंपर्क नेहमी दुबळ्याकडे वळतो. कच्छच्या आखातात ओहोटीला पायी जाऊन मासे धरणारे पगडिया मच्छीमार उद्यानाच्या नियमांखाली येतात. त्याच आखातात वाडीनार-सिक्काच्या किनाऱ्यावर तेलशुद्धीकरणाचे मोठे उद्योग उभे राहिले, आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षित क्षेत्रातून तेलवाहिनी टाकण्याला वाट मोकळी करून दिली. ठाणे खाडीचे रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य 2015 मध्ये झाले, 2022 मध्ये त्याला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, पण त्या खाडीत येणारे सांडपाणी शहरांचे आहे, कोळीवाड्याचे नाही. जनजागृती करायचीच असेल तर ती बंदर, कारखाना आणि महापालिका यांच्या दालनातही व्हायला हवी. पायी मासे धरणाऱ्याला कायदा शिकवायचा आणि तेलवाहिनीला परवानगी द्यायची, यातून गावाने संरक्षणावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

मालवणपुरते बोलायचे तर संधी अजून हातात आहे. निवतीजवळ नौदलातून निवृत्त झालेले ‘गुलदार’ हे जहाज समुद्रतळी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळस्थान करण्याची योजना आहे. किल्ल्याजवळच्या खडकांवरचा ताण तिने हलका होऊ शकतो, किंवा गर्दी दोन ठिकाणी वाटली जाऊन दुप्पटही होऊ शकते. कोणते घडेल हे जहाजावर नव्हे, त्याआधीच्या निर्णयांवर ठरेल. रापणकर, गिलनेटवाले, होडीवाले, स्कूबा व्यावसायिक, गावाच्या बायका आणि सागरशास्त्रज्ञ यांची, केवळ सल्ल्याचा नव्हे तर मतदानाचा अधिकार असलेली समिती हवी. वन, मत्स्य, पर्यटन आणि मेरीटाइम ही चारही खाती तिला बांधील हवीत. गाभ्याची सीमा तिच्या संमतीने पुन्हा आखली जावी, आणि बंद भाग पूर्ण बंद असावा, सर्वांसाठी, पर्यटकांच्या बोटींसाठीही. प्रत्येक पाणबुड्यामागे घेतलेल्या शुल्काचा ठरावीक हिस्सा त्याच तालुक्यात राहावा, आणि त्यातून बांधीव तरंगते गोळे, बंदीच्या काळातला मच्छीमारांचा भत्ता व दरवर्षीची प्रवाळमोजणी यांचा खर्च भागावा. एका खडकावर एका वेळी किती माणसे, हा आकडा पहिला पर्यटक ‘गुलदार’कडे निघण्याआधी ठरलेला असावा. कलम 26अ मधली मच्छीमारांच्या हिताची तरतूद 1987 च्या घोषणेच्या वेळी कायद्यात नव्हती, ती या निमित्ताने लागू करता येईल.